‘६६ टक्केवाल्या प्रोफेसर’चा फॉरवर्ड: एकेक ओळ घेऊन बोलूया

गेल्या पंधरा दिवसांत हा फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि चौथ्यांदा भाच्याने पर्सनलवर पाठवला, खाली लिहिलेलं, "मावशी, आता सांग एमएस्सी मॅथ्स करून काय उपयोग". मी स्टॅटिस्टिक्स शिकवते त्यामुळे हा टोमणा मलाच होता हे उघड आहे. म्हणून बसलेय लिहायला, लांबलं तर लांबलं.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी फॉरवर्डचा गाभा असा: "जिम सायमन्स. गरीब गणित प्रोफेसर. पगारात भागत नव्हतं. ४० व्या वर्षी गणिताला रामराम ठोकला. स्वतःच्याच चर्न-सायमन्स फॉर्म्युल्याने शेअर मार्केटचा कोड फोडला, तोही एकट्याने. ३० वर्षं, दरवर्षी ६६ टक्के, एकदाही तोटा नाही. तुम्ही त्याच्याकडे १ लाख लावले असते तर आज ६६ हजार कोटी असते. कॉलेजात हे शिकवत नाहीत, आम्ही शिकवतो." आणि खाली वेबिनारची लिंक, ४,९९९ वर काट मारून ४९९.

आधी खरं काय ते सांगते. माणूस खरा आहे, गणितज्ञ होता, अगदी वरच्या दर्जाचा, आणि फायनान्समध्ये त्याने जे केलं ते दुसऱ्या कुणालाही इतकी वर्षं जमलेलं नाही. १९३८ चा जन्म, २०२४ च्या मे महिन्यात गेला. ६६ चा आकडाही हवेतला नाही. पण बाकी जवळजवळ प्रत्येक ओळीत काहीतरी घोळ आहे आणि तो घोळ साधासुधा नाहीये, कारण त्या घोळावरच ते ४९९ रुपये उभे आहेत.

"गरीब प्रोफेसर, पगारात भागत नव्हतं"

हे वाक्य आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी घातलेलं दिसतंय, कारण आपल्याला गरीब मास्तर फार आवडतो. सायमन्सने एमआयटीतून १९५८ ला डिग्री घेतली, बर्कलीहून १९६१ ला पीएचडी, म्हणजे तेविसाव्या वर्षी. मग एमआयटी आणि हार्वर्डला शिकवलं. १९६४ ला प्रिन्स्टनमध्ये आयडीए नावाच्या संस्थेत गेला, तिथे अमेरिकन सरकारसाठी सिक्रेट कोड फोडायचं काम चालायचं. आणि गंमत म्हणजे तिथला नियम असा होता की निम्मा वेळ सरकारचं काम करा, उरलेला निम्मा तुमचं स्वतःचं गणित. ज्या कामासाठी त्याला पुढे मोठं प्राइझ मिळालं त्यातलं बरंचसं त्या निम्म्या वेळातलं आहे.

तिथून त्याला काढलं. गणितामुळे नाही, व्हिएतनाम युद्धामुळे. आयडीएचा प्रेसिडेंट जनरल मॅक्सवेल टेलर, त्याने युद्धाच्या बाजूने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, सायमन्सने त्याच पेपरला पत्र लिहून विरोध केला. वर एका पत्रकाराला सांगितलं की मी सध्या फक्त स्वतःचं गणित करतोय, युद्ध संपलं की तेवढाच वेळ फक्त सरकारी काम करून हिशोब चुकता करीन. वरिष्ठांच्या कानावर घातलं आणि त्याच दिवसात नोकरी गेली. १९६८ ला, तीस वर्षांचा असताना, लाँग आयलंडवरच्या स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीच्या गणित विभागाचा हेड झाला.

पैशाचं म्हणाल तर एमआयटीतले त्याचे दोन मित्र कोलंबियाचे होते, त्यांच्यासोबत स्कूटरवरून बॉस्टन ते बोगोटा असा उद्योग त्याने डिग्रीनंतर केलेला, आणि पुढे तिकडे फरशीच्या टाइल्सची फॅक्टरी निघाली त्यात पैसे घातले. त्या फॅक्टरीचे पैसे आले म्हणून ट्रेडिंगला भांडवल आलं. म्हणजे १९७८ ला नोकरी सोडली तेव्हा तो पगारावर जगणारा माणूस नव्हताच. सोडायचं एक कारण तर अगदी गणितातलं होतं, जेफ चीगर या गणितज्ञाबरोबर एका प्रश्नावर तो बराच काळ अडकून पडला होता आणि वैतागला होता. पीएचडी करणाऱ्या कुणालाही हे कारण लगेच कळेल.

"स्वतःच्याच चर्न-सायमन्स फॉर्म्युल्याने कोड फोडला"

ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकते, कारण वाचणाऱ्याला वाटतं की एक फॉर्म्युला आहे, कागदावर मावतो, तो मिळाला की झालं. आणि वेबिनार नेमका तेच विकतो.

चर्न-सायमन्स म्हणजे काय ते जमेल तेवढं सांगते. शिइंग-शेन चर्न हा बर्कलीतला चिनी वंशाचा दिग्गज भूमितीवाला. सायमन्सचं मूळ ध्येय वेगळंच होतं, चार मितींच्या आकारांशी जोडलेली एक संख्या असते, ती नुसती मोजामोज करून, म्हणजे आकाराचे तुकडे पाडून त्यांची गणती करून काढता येते का हे त्याला बघायचं होतं. ते काही जमेना. दरवेळी हिशोबाच्या शेवटी कडेचं एक पद शिल्लक राहायचं, जाता जाईना. मग त्याच्या लक्षात आलं की हे उरलेलं पदच इंटरेस्टिंग आहे. तीन मितींत केलेलं काम त्याने चर्नला दाखवलं, चर्न म्हणाला हे सगळ्या मितींत करता येईल, आणि १९७४ ला दोघांचा पेपर आला. पेपरच्या सुरुवातीलाच त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की आम्ही दुसरंच करायला निघालो होतो, अडकलो, आणि जे शिल्लक राहिलं त्याबद्दल हा पेपर आहे. (माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा त्यांना बरं वाटतं, हिशोबाच्या शेवटी नको ते पद उरणं हा त्यांचा रोजचा अनुभव आहे.)

या पेपरचा फायदा झाला तो फिजिक्सला. १९८९ ला एडवर्ड विटनने त्यातून क्वांटम फील्ड थिअरी उभी केली आणि गाठींच्या गणिताशी, म्हणजे दोरीला मारतो त्या गाठी, तिचा संबंध लावला. सायमन्स आणि चर्न दोघांनाही पेपर लिहिताना फिजिक्स डोक्यात नव्हतं. शेअरचा भाव तर त्याहून नव्हता. सायमन्सचा पैसे कमावणारा फंड म्हणजे मेडॅलियन, तो चालला तो या भूमितीवर नव्हे, आणि सायमन्सनेही कधी तसा दावा केलेला नाही. १९७६ चं वेब्लेन प्राइझ त्याला मिळालं त्यातलं दुसरं मोठं काम साबणाच्या पडद्यांसारख्या पृष्ठभागांचं, म्हणजे तारेची रिंग साबणाच्या पाण्यात बुडवून काढली की जो सगळ्यात कमी क्षेत्रफळाचा पडदा तयार होतो त्याचं, पण सातआठ मितींतलं. त्यातून निफ्टी कुठे जाणार हे कळतं असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यापासून पाकीट सांभाळा.

मग वापरलं काय? फंडाचं आतलं सगळं गुपित आहे, पण उघड झालंय तेवढ्यावरून चित्र पुरेसं दिसतं. आयडीएतला त्याचा सहकारी लेनी बॉम. याने साठच्या दशकात लॉइड वेल्चसोबत जे गणित केलं त्याला आज बॉम-वेल्च अल्गोरिदम म्हणतात. कल्पना अशी की खरी स्थिती तुम्हाला दिसत नाही, तिचे परिणाम दिसतात. तुम्ही हॉलमध्ये बसलायत आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय. आतल्या माणसाचा मूड दिसत नाही, पण भांडी कशी आपटतायत त्यावरून अंदाज येतो, आणि आत्ता मूड चांगला असेल तर दहा मिनिटांनी किती शक्यतेने बिघडेल हेही अनुभवाने ठरवता येतं. हे सगळं आकड्यांत मांडून, नुसत्या आवाजांच्या नोंदीवरून मूडचं मॉडेल शिकायची पद्धत म्हणजे बॉम-वेल्च. कोड फोडताना उपयोगी, बोललेलं कॉम्प्युटरला समजावताना उपयोगी, आणि भावांच्या चढउतारामागे बाजाराची कुठली न दिसणारी अवस्था आहे हे शोधतानाही उपयोगी. एमएस्सीच्या सिलॅबसला स्टोकॅस्टिक प्रोसेस नावाचा पेपर असतो ना, तो याचाच पाया. म्हणजे "कॉलेजात शिकवत नाहीत" हेही खोटं, शिकवतात, वर्गात झोपायचं नसतं एवढंच.

आणि या गोष्टीची चेष्टा बघा, ज्या बॉमच्या नावाने ही पद्धत आहे तो स्वतः मात्र ट्रेडिंग करायचा ते बातम्या वाचून आणि पोटातल्या आवाजावर.

"एकट्याने"

अजिबात नाही. १९७८ ला स्टोनी ब्रुकजवळच्या एका साध्याशा दुकानांच्या गाळ्यांत ऑफिस घेतलं तेव्हापासून सायमन्सचं खरं काम माणसं गोळा करायचं होतं, आणि ती माणसं त्याला विद्यापीठातल्या आणि आयडीएतल्या ओळखीतून माहीत होती. बॉम आला. जेम्स अ‍ॅक्स आला, हा नंबर थिअरीतला मोठा माणूस, कोल प्राइझ मिळालेला, त्याला आधी सायमन्सनेच कॉर्नेलहून स्टोनी ब्रुकला आणलं होतं. १९८८ ला फंड सुरू केला त्याचं नाव मेडॅलियन, ते अ‍ॅक्स आणि सायमन्स या दोघांच्या गणितातल्या पदकांवरून. हेन्री लॉफर स्टोनी ब्रुकचाच. बर्कलीहून एल्विन बर्लेकॅम्प, कोडिंग थिअरीवाला आणि खेळांच्या गणितातला बाप माणूस, ठिपक्यांच्या चौकटी जोडायचा आपण वहीत खेळायचो तो खेळ, त्यावरही याचं गंभीर काम आहे. तरुणपणी बेल लॅब्समध्ये त्याने जॉन केलीच्या हाताखाली काम केलं होतं, हा केली म्हणजे प्रत्येक डावात किती पैसे लावायचे याचा फॉर्म्युला देणारा. १९८९ ला फंडाची पडझड झाली त्यानंतर बर्लेकॅम्पने मेडॅलियन हातात घेतला, होल्डिंगचा काळ, म्हणजे घेतलेलं किती वेळ हातात ठेवायचं तो, कमी केला, मोजक्या मोठ्या डावांऐवजी भरपूर छोटे डाव लावले, १९९० ला फी वजा जाऊन ५० टक्क्यांच्या वर परतावा दिला आणि मग आपला हिस्सा सायमन्सला विकून सरळ विद्यापीठात परत गेला! फॉरवर्डवाल्यांना हा माणूस कधीच सापडत नाही कारण तो त्यांच्या गोष्टीत बसत नाही.

१९९३ ला आयबीएमच्या स्पीच रेकग्निशनमधून पीटर ब्राउन आणि बॉब मर्सर आले, शेअर्सची बाजू उभी राहिली ती यांच्यामुळे. पुढे सायमन्सच्या कंपनीत सुमारे ३०० लोक, त्यातले ९० च्या आसपास पीएचडी.

अजून एक नाव, सँडर स्ट्रॉस. हा फंडाचा डेटा सांभाळायचा. ऐंशीच्या दशकात डेटा म्हणजे काय, क्लिक केलं आणि आला असं नव्हतं. जुने भाव मॅग्नेटिक टेपवर विकत घ्यायचे, छापील पुस्तकांतून टाइप करायचे. व्याजदरांचा जुना इतिहास कॉम्प्युटरवर नव्हताच, तर माणसं पाठवली फेडरल रिझर्व्हमध्ये, हाताने उतरवून आणायला. इतरांकडे दिवसाचा बंद भाव असायचा, यांनी दिवसभरातले भाव साठवायला सुरुवात केली, उपयोग काय होणार ते माहीत नसताना. वर्षानुवर्षं चुकीचे आकडे शोधून साफ करत बसणं या कामाला ग्लॅमर शून्य आणि माझ्या मते अर्धं यश त्यात आहे. वेबिनारमध्ये यावर एक स्लाइड तरी असेल का?

("अर्थशास्त्र न शिकलेला" वगैरे जे काही व्हर्जनमध्ये आहे ते बऱ्यापैकी खरं आहे, ते लोक वॉल स्ट्रीटवाल्यांपेक्षा शास्त्रज्ञ घ्यायचे. पुढे जाऊ.)

"एकदाही तोटा नाही"

बटाटे. १९७९ च्या सुमाराला सायमन्स आणि बॉमने एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम केला, कमोडिटी आणि बाँडमध्ये कुठे पैसे घालायचे ते तो सुचवायचा. त्या प्रोग्रॅमला एकदम बटाट्याचं वेड लागलं. फंडातल्या रोख रकमेचा मोठा भाग मेन राज्यातल्या बटाट्यांच्या वायद्यांत. शेवटी तिकडच्या वायदेबाजाराच्या सरकारी नियंत्रकाचा फोन, तुम्ही अख्खं बटाटा मार्केट काबीज करताय का म्हणून. हे बसलेत कॉम्प्युटरकडे बघत, यांनाच माहीत नाही. पोझिशन्स, म्हणजे घेतलेले सौदे, बंद कराव्या लागल्या आणि त्या प्रोग्रॅमवरचा विश्वासही उडाला. त्यानंतर बरीच वर्षं ही मंडळी पुन्हा बातम्या आणि अंदाजावर खेळत होती.

१९८४ ला बॉमच्या सरकारी बाँडच्या पोझिशन्स इतक्या आपटल्या की त्या मोडून टाकाव्या लागल्या आणि भागीदारी तिथेच संपली. १९८९ च्या एप्रिलपर्यंत मेडॅलियन त्याच्या वरच्या पातळीपासून ३० टक्क्यांच्या आसपास खाली, अ‍ॅक्स आणि सायमन्सचं वाजलं, ट्रेडिंग थांबवलं, आणि ते वर्ष फंडाने तोट्यातच संपवलं. आणि ऑगस्ट २००७, एकाच पद्धतीचे सगळे क्वांट फंड, म्हणजे गणिती मॉडेलवर चालणारे फंड, एकदम विकायला लागले, काही दिवसांत मेडॅलियनचे सुमारे १ अब्ज डॉलर गेले. तेव्हा "मॉडेलला हात लावायचा नाही" हे ब्रीद असलेल्या लोकांनीही पोझिशन्स कमी केल्याच. वर्षअखेर फंड भरघोस नफ्यात आला हे खरं. पण १९७८ ते १९८९ ही अकरा-बारा वर्षं चाचपडण्यात गेली, त्यात दोन-तीनदा गाशा गुंडाळायची वेळ आली, आणि फॉरवर्डमध्ये त्यातलं काहीच नाही.

"१ लाखाचे ६६ हजार कोटी"

हा गुणाकार मी केला. १९८८ ते २०१८ ही ३१ वर्षं, १.६६ ला स्वतःशी ३१ वेळा गुणलं की ६६ लाखांच्या वर येतं, म्हणजे १ लाखाचे ६६ हजार कोटी. कॅल्क्युलेटर बरोबर आहे हो. पण मूळ आकडा बघा. कंपनीवर एका पत्रकाराने लिहिलेलं पुस्तक २०१९ ला आलं तेव्हापासून हे ६६ फिरतंय, आणि तिथेच लिहिलंय की ६६ हा फी कापायच्या आधीचा सरासरी परतावा, फी कापून ३९. फी म्हणजे आपल्या म्युच्युअल फंडासारखी एक-दीड टक्का नव्हे, पुढच्या काळात दरवर्षी ५ टक्के सरळ आणि वर नफ्यातले ४४ टक्के. आता ३९ ने गुणा. १ लाखाचे २७१ कोटी. भरपूरच आहेत, मी नाही म्हणणार नाही मला कुणी दिले तर, पण ६६ हजार कोटी आणि २७१ कोटी यात थोडा फरक आहे असं मला वाटतं.

तेही सरासरी घेऊन गुणायचं नसतं. एका वर्षी १०० टक्के वर आणि पुढच्या वर्षी ५० टक्के खाली, सरासरी २५ टक्के नफा, आणि हातात? १ लाखाचे २ लाख, २ लाखाचे परत १ लाख. शून्य. हे मी एफवायला पहिल्या आठवड्यात शिकवते.

आणि शेवटचं, जे सगळ्यावर पाणी ओततं: पैसे आत ठेवताच येत नव्हते. या पद्धतीत भावातल्या छोट्या छोट्या चुका पकडून नफा होतो, फार पैसा ओतला की तुमच्याच खरेदीने भाव हलतो आणि ती चूक नाहीशी होते. म्हणून फंडाचा आकार १० अब्ज डॉलरच्या आसपास बांधून ठेवला, नफा झाला की वाटून टाकायचा. चक्रवाढ होणार कशी? बाहेरच्या गुंतवणूकदारांना तर २००५ पर्यंत पैसे परत देऊन घरी पाठवलं. आता आत फक्त कर्मचारी आणि जवळचे. बाहेरच्यांसाठी त्याच कंपनीने वेगळे फंड काढले, तीच बिल्डिंग, तेच पीएचडी. २०२० साली मेडॅलियन ७६ टक्के वर असल्याच्या बातम्या आल्या आणि त्याच वर्षी बाहेरच्यांसाठीचा मोठा शेअर फंड २० टक्क्यांच्या आसपास खाली. मोठ्या रकमेला, जास्त काळाच्या होल्डिंगला ती जादू लागू पडली नाही. शिवाय टॅक्स. नफ्यावर कमी दराने टॅक्स भरायची जी रचना त्यांनी केली होती ती अमेरिकन टॅक्स खात्याला मान्य झाली नाही, २०२१ ला तडजोड झाली, रक्कम ७ अब्ज डॉलरपर्यंत. फॉरवर्डमध्ये हे येणार नाही, मूड जातो.

"आम्ही शिकवतो"

आता मुद्द्यावर. बॉब मर्सरच्या नावावर एक आकडा सांगतात, आमचा अंदाज ५०.७५ टक्के वेळा बरोबर येतो. ७५ नाही, ९० नाही. नाणं उडवण्यापेक्षा पाऊण टक्का बरं. यावर अब्जावधी कसे होतात ते वहीवर करून बघा, मी वर्गात करते.

समजा प्रत्येक डाव १ रुपयाचा, जिंकलात तर १ रुपया मिळतो, हरलात तर १ जातो, आणि डाव एकमेकांवर अवलंबून नाहीत. १०० डाव खेळलात. सरासरी दीड रुपया नफा. पण नशिबाचा झोका साधारण १० रुपये इकडे किंवा तिकडे, त्यामुळे तोट्यात उठायची शक्यता ४० टक्के. हे झालं तुमचं-माझं. आता १०,००० डाव. सरासरी नफा १५० रुपये, झोका १००. तोट्यात उठायची शक्यता १५ त एकदा. आता १० लाख डाव. नफा १५,०००, झोका फक्त १,०००. तोट्यात जाणं जवळपास अशक्य. अंदाज तोच, ५०.७५. बदलली ती फक्त डावांची संख्या, कारण नफा संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि झोका तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मेडॅलियनमध्ये जादू म्हणाल तर ही आहे.

पण थांबा, खर्चाचा कॉलम राहिला. रुपयामागे तुमचा नफा सरासरी दीड पैसा. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, स्टँप ड्यूटी, शिवाय घेताना-विकताना भावात पडणारा फरक, हे सगळं मिळून रुपयामागे २ पैसे गेले तर? तर १० लाख डावांनंतर तुम्ही खात्रीने ५,००० तोट्यात आहात. जितके जास्त डाव तितकी तोट्याची खात्री जास्त. तेच वर्गमूळ आता तुमच्या विरोधात. यांच्या यशातला मोठा भाग प्रत्येक डावाचा खर्च काही अंश पैशाने कमी करण्यात होता, त्यासाठी वेगळी माणसं, वेगळी मॉडेल्स.

मी स्वतः २०२१ ला हुशारी केली होती, सांगायला लाज वाटते पण सांगते. ऑप्शनमध्ये आठ महिने, वर्गात प्रॉबॅबिलिटी शिकवून घरी येऊन. वर्षअखेर स्टेटमेंट काढलं तर डावांवरचा तोटा ११ हजार आणि चार्जेस २३ हजार. म्हणजे मी काही फार चुकीची खेळत नव्हते, जवळजवळ नाणंच उडवत होते, फक्त प्रत्येक वेळी नाणं उडवायचं भाडं भरत होते.

मी एकटी नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ ला अभ्यास प्रसिद्ध केला, २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, मिळून १.८ लाख कोटींच्या वर, आणि त्या तीन वर्षांत नुसता व्यवहाराचा खर्च ५० हजार कोटींच्या घरात. समोरच्या बाजूला परदेशी संस्था आणि मोठ्या ट्रेडिंग फर्म, त्यांचा ९५ टक्क्यांहून जास्त नफा अल्गोमधून, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमने केलेल्या व्यवहारांतून. म्हणजे सायमन्ससारखी मंडळी या खेळात आहेतच, फक्त ती टेबलाच्या पलीकडे बसलीयेत. आणि ४९९ चा वेबिनार तुम्हाला आणून बसवतो अलीकडे.

"गणिताला रामराम ठोकला"

ही ओळ मुद्दाम शेवटी ठेवली, भाच्यासाठी.

२००३ साली सायमन्सचा धाकटा मुलगा बालीत बुडून गेला. त्याआधी १९९६ ला एक मुलगा अपघातात गेला होता. २००३ ला सायमन्स पासष्टीचा, अब्जाधीश, कंपनी जोरात. आणि हा माणूस त्या दुःखात कुठे गेला तर गणितात. वीस-पंचवीस वर्षांनी. डेनिस सलिव्हन हा स्टोनी ब्रुकमधला मोठा टोपॉलॉजिस्ट, त्याच्यासोबत बसायला लागला, आणि २००८ ला दोघांचा पेपर आला, डिफरन्शियल कोहोमॉलॉजीवर. विषय कुठला? सत्तरच्या दशकात चीगरबरोबर जे करता करता तो सोडून गेला होता, त्याच गल्लीतला. तिथून पुढेही त्यांनी एकत्र काम केलं. २००९ च्या अखेरीस कंपनीची खुर्ची ब्राउन आणि मर्सरकडे दिली.

पैसा गेला तोही बऱ्यापैकी तिकडेच. पत्नी मॅरिलिनबरोबर १९९४ ला काढलेलं सायमन्स फाउंडेशन, स्टोनी ब्रुकमधलं भूमिती आणि फिजिक्सचं सेंटर, २०२३ ला त्याच विद्यापीठाला ५० कोटी डॉलर. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतले गणिताचे शिक्षक टिकावेत म्हणून २००४ ला मॅथ फॉर अमेरिका, शिक्षकांना पगाराच्या वर पैसे देणारं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्याच्या नावाचं सेंटर आहे, आणि एनसीबीएस म्हणजे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचंच अंग. अमेरिकेतले राजकारणातल्या पैशाचे झगडे, मर्सरच्या राजकीय देणग्या, हेज फंडांनी एवढा पैसा ओढावा का, हे सगळे प्रश्न आहेतच आणि मला त्यात सायमन्सला देव करायचा नाहीये. पण "रामराम ठोकला" हे त्याच्याबद्दल बोलणं म्हणजे सासरी गेलेल्या मुलीने माहेर सोडलं म्हणण्यासारखं आहे. येणं-जाणं कधी बंद नव्हतं, माणसं तिथूनच आणली, सवयी तिथल्याच, शेवटी बसायला आला तोही तिथेच.

भाच्याला मी हे सगळं नाही लिहिलं. त्याला एक्सेल शीट पाठवली, एका कॉलममध्ये ५०.७५ टक्क्यांनी जिंकणारं नाणं, १०,००० ओळी, आणि शेजारी रिकामा कॉलम, वर लिहिलं "चार्जेस". म्हटलं तुझ्या ब्रोकरचे रेट टाक आणि खालची बेरीज मला स्क्रीनशॉट काढून पाठव. दोन दिवस ब्लू टिक दिसतेय. काल ताईचा फोन आला होता, म्हणाली तो विचारतोय की स्टोकॅस्टिक प्रोसेसचं पुस्तक मावशीकडे जुनं आहे का, की नवीन घ्यावं लागेल.